वहिनीच्या पाळणाघरातलं इंग्रजी

मी बस चालवते. गाडी चालवताना डोकं थंड ठेवायचं, हे आमच्याकडून प्रशिक्षणातच घोकून घेतात, आणि आजवर मी ते बऱ्यापैकी ठेवलंही होतं. पण त्या दिवशी मागच्या सीटवरच्या एका पोराने मोबाईलवर कुठलासा विनोदी कार्यक्रम मोठ्याने लावला. त्यातली बाई बोलायला लागली आणि अख्खी बस खिदळायला लागली. आवाज खऱ्या बाईचा नव्हता, बाईची नक्कल करणाऱ्या पुरुषाचा होता. ती बाई कोण, हे मला पहिल्याच वाक्याला कळलं. माझी वहिनी. तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या थांब्यावर मी गाडी उभी केली, मागे गेले आणि त्याला म्हणाले, आवाज बंद कर, नाहीतर खाली उतर. त्याने आवाज कमी केला आणि अगदी आदराने मला विचारलं, "आंटी विल गेट अँग्री?" म्हणजे, आंटी, तुम्ही चिडलात का? समोरच्या मोठ्या माणसाला 'यू' न म्हणता असं तिऱ्हाइतासारखं विचारायची रीत या शहराच्या इंग्रजीत कुठून आली, हे त्या गाढवाला ठाऊक नव्हतं. ज्या बायकांनी त्याला बोलायला शिकवलं, त्यांच्यावरच तो हसत होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आम्ही दोघी अजून त्याच घरात आहोत: दुसरा मजला, दोन खोल्या, आणि एक मोठी खोली जी आमची कधीच नव्हती. ती मुलांची. वहिनी लग्न होऊन या शहरात आली तेव्हा तिला इंग्रजीतले आकडे, आठवड्याचे वार आणि 'थँक्यू' एवढंच येत होतं. खालच्या मजल्यावर बेकरीवाला राहायचा. त्याची बायको आजारी पडली आणि त्याने आपलं पोर वहिनीच्या हातात दिलं. त्याची भाषा वेगळी, आमची वेगळी. मग वरच्या मजल्यावरच्या दोन नर्स बहिणींची मुलं आली. मग समोरच्या शिंपिणीच्या मुली आल्या. प्रत्येकाच्या घरात वेगळी भाषा, आणि सगळ्यांना बोलायला मधे एकच, मोडकंतोडकं इंग्रजी. दादाने मोठ्या खोलीत गुडघ्याएवढ्या उंचीवर एक नळ बसवून दिला, त्याच्या शेजारी टॉवेलांना खुंट्या ठोकल्या, दाराची कडी पार वर नेली, आणि पाळणाघर सुरू झालं.

त्या खोलीत इंग्रजी कसं तयार झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वहिनी मराठीत जसं 'हळूहळू', 'पटपट' म्हणायची तसंच इंग्रजीतही शब्द दोनदा म्हणायची. बेकरीवाल्याच्या घरी मोठ्यांना तोंडावर 'तू' म्हणणं उद्धटपणाचं, म्हणून त्याचं पोर 'आंटी विल ईट?' असं विचारायचं. नर्स बहिणींची मुलं प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक लांब 'ए' ओढायची. शिंपिणीच्या मुली 'नाही' म्हणायच्याच नाहीत, जीभ टाळूला लावून नुसतं 'च्च' करायच्या. वर्षभरात कुणाचं काय ते ओळखू येईना. नर्सची पोरं 'च्च' करायला लागली, शिंपिणीच्या मुली शब्द दोनदा म्हणायला लागल्या, आणि वहिनी तर प्रत्येक वाक्याला 'ए' लावायला लागली. जेवणाआधी ती नळाशी उभी राहायची आणि म्हणायची, "हँड्स? शो-शो. बोथ साइड, ए." पोरं रांगेत हात पुढे करायची. आधी तळवे, मग पालथे. ज्याचे स्वच्छ नसतील त्याला परत नळावर जावं लागायचं, मग तो कितीही लाडका असो. त्या नियमाला वहिनीकडे अपवाद नव्हता.

हे सगळं एकट्या वहिनीने केलं असं मी म्हणत नाही. या शहरात गल्लीगल्लीत अशी एक खोली होती आणि अशी एक बाई होती. पण आमच्या खोलीतली मुलं शाळेत गेली, शाळेतून बाजारात, कारखान्यात, दवाखान्यात गेली, आणि आज माझ्या बसमध्ये चढणारा शाळकरी पोरगासुद्धा तिकिटाचं यंत्र बंद असलं की 'च्च' करतो. विद्यापीठातली माणसं यावर आता परिषदा भरवतात म्हणे. शहराची स्वतःची अशी इंग्रजी बोली तयार झाली, हे केवढं नवल, वगैरे. परिषदेत चहा कोण देतं, ते विचारू नका. त्याच बोलीत 'टी विल टेक?' विचारणारी कुणीतरी असणार.

आता बसमधल्या त्या आवाजाबद्दल, म्हणजे नकल्याबद्दल सांगते. नाव आम्ही ठेवलेलं. त्याची आई कार्यालयांमध्ये झाडूपोछा करायची, पहाटे त्याला आणून सोडायची. आला तेव्हा तो बोलतच नव्हता. दोन वर्षांचं पोर, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाला, थांबा. आई रडायची. वहिनी त्याला कडेवर घेऊन दिवसभर बडबडत राहायची. भाजी चिरताना, चादरी घड्या करताना, फोनवर बोलतानासुद्धा तो कडेवरच. आणि एका दुपारी जेवणाच्या वेळी तो नळाशी जाऊन उभा राहिला, वहिनीसारखा कमरेवर हात ठेवला आणि बाकीच्या पोरांना म्हणाला, "हँड्स? शो-शो." तेच त्याचं पहिलं वाक्य. वहिनी हसत हसत रडली. तेव्हापासून तो नकल्या. सगळ्यांच्या नकला करायचा, माझीसुद्धा: स्टिअरिंग धरून शिव्या देणारी आत्या. मीही हसले होते. लहान पोराने केलेल्या नकलेत माया असते, आणि आम्हाला वाटलं ती मोठेपणीही राहील.

मोठा झाला, शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला, रंगमंचावर एकटा उभा राहून लोकांना हसवायला लागला. पैसा आला, नाव झालं. मग त्याने 'पाळणाघरवाली आंटी' आणली. डोक्याला रुमाल, पोटाला उशी, आणि वहिनीचं इंग्रजी. ती आंटी काहीही बोलली की लोक लोळायचे. वहिनीला पहिल्यांदा भाचीने, म्हणजे वहिनीच्या मुलीने, मोबाईलवर दाखवलं. वहिनी खूश झाली.

"बघा वन्सं, माझं पोर! कसं हुबेहूब बोलतंय!"

"वहिनी, तो तुला हसतोय."

"अहो, लोक हसतायत. तो कुठे हसतोय? तो तर एकदाही हसला नाही."

तेवढं खरं होतं. तो एकदाही हसला नव्हता. पट्टीचा नकलाकार होता. मूग गिळून बसायची मला सवय नाही, पण तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून जीभ उचलेना.

आनंद फार टिकला नाही. सगळ्यांत आधी दातांची डॉक्टरीण आली. ती त्याच शिंपिणीची धाकटी मुलगी, आमच्याच खोलीत रांगलेली, आमच्याच नळावर हात धुतलेली. तिची जुळी मुलं वहिनीकडे असायची. दारातच उभी राहून म्हणाली की पुढच्या महिन्यापासून मुलांना पाठवणार नाही.

"का गं, काही चुकलं का माझं?" असं वहिनीने आपल्या इंग्रजीत विचारलं.

"नाही नाही, आंटीचं काही नाही. पण शाळेच्या मुलाखती असतात ना. मुलं घरी 'आंटी'सारखं बोलतात. लोक हसतात."

"कोण लोक?" मी आतून विचारलं.

"सगळेच. तो कार्यक्रम आल्यापासून तर..." ती वाक्य अर्धं सोडून बुटाकडे बघत राहिली.

मी बाहेर आले. म्हणाले, "तू शिकलीस, डॉक्टरीण झालीस, दात उपटायला लागलीस, ते काय वेगळी भाषा बोलून? या खोलीतून गेल्यामुळे तुझं काय अडलं?" ती म्हणाली, "माझं अडलं नाही, आत्या, पण मला किती वर्षं तोंड सांभाळून बोलावं लागलं ते मलाच ठाऊक. मुलांना ते नको." त्यावर मी जास्तच चिडले आणि दार आपटलं. वहिनीने दार परत उघडलं, जिना उतरणाऱ्या तिला हाक मारून सांगितलं, "स्लो-स्लो, ए. स्टेप ब्रोकन." पायरी तुटलीय, सांभाळून जा.

एक गेलं की बाकीच्यांना कारण मिळतं. महिना-दीड महिन्यात खुंट्यांवरचे टॉवेल कमी कमी होत गेले. वहिनीचं घर त्या पाळणाघरावर चालत नव्हतं, माझा पगार होता. पण वहिनी स्वतः त्याच्यावर चालत होती. सकाळी दाराची घंटा वाजायची थांबली तर ही बाई उठून काय करणार, या विचाराने मला गाडी चालवताना घाम फुटायचा. मग भाची धावून आली. बँकेत नोकरी, नाकावर चष्मा, आईची काळजी. तिने आईसाठी 'उच्चार सुधारणा' वर्ग लावला. रोज दुपारी मुलं झोपली की वहिनी कानाला हेडफोन लावून पडद्यावरच्या एका गोऱ्यागोमट्या बाईपुढे बसायची आणि तिच्यामागे म्हणायची: प्लीज, वुड यू, मे आय.

"हे काय चाललंय?" मी भाचीला फोनवर विचारलं.

"आत्या, आईचं पाळणाघर टिकावं असं तुला वाटतं ना?"

"मला आई टिकायला हवीय तुझी."

"मग तिला थोडं शिकू दे. काय वाईट आहे त्यात?"

वाईट काय आहे, ते मला आठवड्यात दिसलं. सुट्टीचा दिवस होता, मी घरीच होते. जेवणाची वेळ झाली. वहिनी नळाशी उभी राहिली, हात कमरेवर नाहीत, पुढे जुळवलेले, आणि म्हणाली, "चिल्ड्रन, वुड यू प्लीज शो मी युअर हँड्स?" एकेक शब्द इस्त्री केलेला. राहिली होती पाच-सहा मुलं. एकही हललं नाही. डॉक्टरने सुई काढली की जशी होतात तशी ती गार झाली. त्यातली एक चिमुरडी माझ्याकडे आली आणि माझा हात धरून हळूच म्हणाली, "आंटी अँग्री, ए?" आणि सगळ्यांत धाकटं होतं ते भोकाड पसरून रडायला लागलं. त्याला ही बाई कोण, तेच कळेना.

वहिनीने त्याला उचललं. नेहमीप्रमाणे काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि थांबली. जुनं बोलायचं नाही, नवं बोललं तर मूल रडतं. ती नुसती त्याला थोपटत राहिली. त्या दिवसापासून ती मुलांशी बोलायचीच बंद झाली. हाताने खुणा करायची, बोटाने दाखवायची. जिच्या बडबडीने एका मुक्या पोराला वाचा फुटली, ती बाई स्वतःच्या घरात मुकी झाली. मी तो वर्ग त्याच दिवशी बंद करून टाकला, पण वहिनीचं तोंड काही उघडलं नाही.

अशा वेळी नकल्या आला. हातात भलामोठा केक, सोबत त्याची मुलगी. पाच वर्षांची असेल, केसांना रिबिनी. आमच्याशी तो अजून आमच्याच इंग्रजीत बोलतो. मी मराठीत सांगते. म्हणाला, वर्षातला सगळ्यांत मोठा प्रयोग आहे, चित्रीकरण होणार आहे, आंटीने आलंच पाहिजे. शेवटी मी आंटीला मंचावर बोलावणार, सगळ्या जगाला सांगणार की हीच ती, माझी खरी आंटी.

वहिनी मुलीपुढे वाकली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून शब्द निघाला. "कम-कम, बेबी. केक विल ईट, ए?"

मुलीने वहिनीकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि विचारलं, "डॅडी, ही बाई काय म्हणते?"

नकल्याने तिला समजावून सांगितलं. चांगल्या, गुळगुळीत इंग्रजीत. वहिनीच्या वाक्याचा अर्थ त्याने आपल्या मुलीला समजावून सांगितला! आणि वर हसला. मी विचारलं, "हिला कुठे ठेवतोस दिवसभर?"

"टेकडीवरच्या शाळेत. तिथे लहानपणापासून स्वच्छ इंग्रजी बोलून घेतात, आत्या."

"स्वच्छ?"

"म्हणजे... तुला कळतंय ना मला काय म्हणायचंय."

मला सगळं कळत होतं. मी केक उचलला आणि त्याला म्हणाले, हा घे आणि चालता हो. वहिनीने माझ्या हातातून केक काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि मराठीत म्हणाली, "वन्सं, आपण जाऊ या." मला वाटलं तिचं अजूनही पोरावरचं प्रेम आंधळं आहे. मी तिच्यावरही चिडले. दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

प्रयोगाला सभागृह खचाखच भरलं होतं. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. मागे वळून पाहिलं तर निम्मे चेहरे आपल्यासारख्याच घरांतले, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवरच्या खोल्यांत वाढलेले. दातांची डॉक्टरीणही होती, नवऱ्यासोबत. नकल्या रुमाल बांधून, उशी लावून आला आणि सुरू झाला. आंटी बँकेत जाते. आंटी डॉक्टरकडे जाते. आंटीला पोलीस पकडतो आणि आंटी पोलिसाचे हात तपासते. लोक गुडघ्यांवर थापा मारून हसत होते. स्वतःच्या आयांना हसत होते. माझ्या शेजारचा एक माणूस डोळे पुसत म्हणाला, "सेम-सेम माय मदर, ए!" त्याच्या कानशिलात वाजवावीशी वाटली. वहिनी मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसली होती.

शेवटी त्याने रुमाल सोडला, उशी काढली आणि घसा दाटल्यासारखा आवाज करून म्हणाला की आज ती स्वतः इथे आहे. दिवा आमच्यावर आला. टाळ्या पडल्या. वहिनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवून उठली, बाजूच्या पायऱ्यांनी सावकाश वर गेली. त्याने तिच्यापुढे माईक धरला आणि आंटीच्या आवाजात, लोकांकडे डोळा मारून विचारलं, "आंटी विल से समथिंग?"

लोक फुटलेच. वहिनी हसू ओसरेपर्यंत थांबली. मग हात कमरेवर ठेवले.

"हँड्स?" ती म्हणाली. "शो-शो."

सभागृह पुन्हा कोसळलं. नकल्याला वाटलं वहिनीने खेळ उचलून धरला. त्याने नाटकीपणाने माईक बगलेत दाबला आणि दोन्ही हात पुढे केले. वहिनीने ते हातात घेतले. तळवे पाहिले, घाई न करता. मग उलटे केले. पालथे पाहिले. लोकांचं हसणं चालूच होतं. तिने त्याचे हात सोडले आणि जीभ टाळूला लावली.

"च्च. नॉट क्लीन, ए. गो. वॉश-वॉश."

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. अजून काय हवं होतं त्यांना! पण मी पहिल्या रांगेत होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. हात तसेच पुढे, आणि चेहऱ्यावरचं नटाचं हसू कुठल्या कुठे गेलेलं. त्या खोलीत परत पाठवलेल्या मुलाला कसं वाटायचं, ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. वहिनी पायऱ्या उतरून आली, पिशवी घेतली आणि म्हणाली, "चला वन्सं."

परत येताना मी तिला म्हणाले, "लोकांना वाटलं तू गंमत केलीस."

"वाटू दे. त्याला कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना मोठ्या खोलीतून आवाज आला. दोनच मुलं उरली होती, पण वहिनी दहांना पुरेल एवढं बोलत होती, पूर्वीसारखं, शब्द दोनदा, शेवटी 'ए'. मी नळ बंद करून ऐकत उभी राहिले.

पुढे तो प्रयोग सगळीकडे दाखवला गेला. भाचीने लावून दिला, आम्ही तिघी बघायला बसलो. बँकेतली आंटी होती, डॉक्टरकडची होती, पोलिसाचे हात तपासणारीही होती. त्याने रुमाल सोडला, उशी काढली, आणि म्हणाला की आज ती इथे आहे. दिवा पहिल्या रांगेवर गेला, वहिनी उठली, टाळ्या सुरू झाल्या. आणि त्या टाळ्यांवरच कार्यक्रम संपला. नावं यायला लागली. तिने मंचावर उच्चारलेला एक शब्दही त्यात नव्हता. त्याच्या तोंडची आंटी तासभर होती, आणि खऱ्या आंटीचं तोंड त्याने कापून टाकलं होतं.

मी भिंतीवर काहीतरी फेकून मारायच्या बेतात होते. भाची चष्मा काढून पुसत बसली. म्हणाली, "आई, मी त्याला फोन करू?"

"कशाला? तो काय धुऊन येणार आहे?" वहिनी म्हणाली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली. "ही दोघं शाळेत गेली की खोली बंद करायची, वन्सं. नवीन कुणी पाठवणार नाही आता. खुंट्या तेवढ्या काढू नका."

जेवणाची वेळ झाली होती. ती नळाशी जाऊन उभी राहिली आणि खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "हँड्स? शो-शो!" दोन्ही मुलं धावत आली. मुलग्याचे हात स्वच्छ होते. चिमुरडीच्या नखांत रंग होता.

"च्च," वहिनी म्हणाली. "नॉट क्लीन, ए."

ती पळत जाऊन हात धुऊन आली.